आगीआधीचं शिकागो कोणी बांधलं?

चैत्राली_व
मुलगी ऑगस्टपासून शिकागोला आर्किटेक्चर शिकणार आहे. तिला सोडायला आम्ही दोघं जातोय, हाताशी चार दिवस आहेत. मी जे जे वाचते त्यात सगळं १८७१च्या आगीनंतर सुरू होतं : जेनी, सलिव्हन हे आर्किटेक्ट, लोखंडी सांगाड्याच्या उंच इमारती. पण जळायला आधी शहर उभं असावं लागतं ना? गवताळ माळावर तीन लाख वस्तीचं शहर कोणी बांधलं? त्यातलं काही आज बघायला मिळेल का?

ओळंबा
ताई, एकच नाव सांगायचं तर जॉन व्हॅन ऑस्डेल. मी एकवीस वर्षं इथे शिकागोत बांधकामाच्या साइटवर आहे. या माणसाचा विषय निघाला की मला थांबता येत नाही, तेव्हा थोडं लांबेल.

जन्म १८११, बाल्टिमोर. वडील सुतार आणि बांधकामवाले, पोरगा त्याच हत्यारांवर वाढला. अमेरिकेत तेव्हा आर्किटेक्चर शिकवणारं कॉलेजच नव्हतं. हा पुस्तकं वाचून ड्रॉइंग शिकला. न्यूयॉर्कला विल्यम ऑग्डेनशी गाठ पडली. ऑग्डेनला शिकागोत स्वतःचं घर बांधून हवं होतं. त्या एका घरासाठी व्हॅन ऑस्डेल १८३७ मध्ये आला. त्याच वर्षी शिकागोला शहराचा दर्जा मिळाला आणि ऑग्डेन पहिला महापौर झाला. वस्ती जेमतेम चार हजार.

घरं धडाधड उठत होती, पण आर्किटेक्ट नावाचा धंदा गावात नव्हता. ठेकेदारच रेघा मारायचा आणि कामाला लागायचा. नकाशाचे वेगळे पैसे द्यायचे ही कल्पनाच नव्हती. १८४४ मध्ये तिथल्या मोठ्या बांधकामवाल्यांनी व्हॅन ऑस्डेलला गळ घातली : तू ऑफिस थाट, यापुढे आमच्यातला कोणी स्वतः ड्रॉइंग काढणार नाही आणि पैसे मोजल्याशिवाय कोणाचं ड्रॉइंग वापरणारही नाही. त्याने क्लार्क स्ट्रीटवर ऑफिस काढलं. शहराचा पहिला आर्किटेक्ट तो असा झाला.

माझे वडील कराडला मिस्त्री होते. गिऱ्हाइकाला वहीच्या पानावर घर काढून द्यायचे, खोल्यांची मापं, जिन्याच्या पायऱ्या, सगळं. त्याचा पैसा त्यांनी कधी मागितला नाही आणि कोणी आपणहून दिला नाही. त्यामुळे बांधकामवाल्यांनी दिलेला तो शब्द मला व्हॅन ऑस्डेलच्या कुठल्याही इमारतीपेक्षा मोठा वाटतो.

पुढे कामं येत गेली. १८५३चं कोर्टहाउस त्याचं. लिंकनचं पार्थिव १८६५ मध्ये अंत्यदर्शनासाठी तिथेच ठेवलं होतं. राज्याची राजधानी स्प्रिंगफिल्ड, तिथला गव्हर्नरचा वाडा १८५५चा, आजही वापरात आहे. आणि १८५६ पासून बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, दर्शनी भाग. कारखान्यात ओतलेले खांब आणि कमानी आणायच्या, जागेवर बोल्टने जोडायच्या. दगडी भिंतीपेक्षा खांब बारीक, म्हणून दुकानाला मोठमोठ्या खिडक्या मिळायच्या.

माळरान
जमीन इतकी सपाट की पाणी वाहून जायचंच नाही. १८५५ नंतर गटारं घालायला रस्ते उंच केले आणि इमारती स्क्रू-जॅकवर उचलल्या. ट्रेमाँट हाउस हे विटांचं हॉटेल १८६१ मध्ये गिऱ्हाइकांसकट उचललं होतं.

ओळंबा
ते हॉटेलही व्हॅन ऑस्डेलचंच, १८५०चं.

रेवती७
पण मग आगीत त्याचं सगळंच गेलं असेल. तोवर साठीचा झाला होता. तिथेच संपलं का?

ओळंबा
इमारती गेल्या. कोर्टहाउसही गेलं. आग जवळ आली तेव्हा त्याने ऑफिसातली ड्रॉइंगं आणि हिशेबाच्या वह्या गोळा केल्या, स्वतःच आखलेल्या पामर हाउसच्या तळघरात नेल्या, खड्डा खणून आत ठेवल्या आणि वर वाळू आणि ओल्या मातीचा जाड थर दिला. वरचं हॉटेल जळून पडलं. नंतर उकरलं तर कागद शाबूत!

उघडं बीड आगीत वितळतं हे त्या रात्री साऱ्या शहराने पाहिलं होतं. माती मात्र भाजून आणखी घट्ट होते. लवकरच त्याच्याच केंडल बिल्डिंगमध्ये जॉर्ज जॉन्सनचे भाजक्या मातीचे पोकळ ठोकळे तक्तपोशीच्या कमानींना वापरले. ज्या उंच इमारतींबद्दल ताई वाचतायत, त्यांच्या लोखंडालाही पुढे याच मातीचं कवच मिळालं.

काम संपलं तर नाहीच, वाढलं. दुसरं पामर हाउसही त्यानेच बांधलं (आज आहे ते तिसरं, दुसऱ्या कोणाचं). १८९१ मध्ये गेला, तेव्हा शहर अकरा लाखांवर पोचलं होतं.

बघायला : लेक आणि स्टेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर पेज ब्रदर्स बिल्डिंग, १८७२. लेक स्ट्रीटकडची बाजू बिडाची. डोक्यावरून लोकल धडधडत जाते, म्हणून लोक वर बघत नाहीत. तुम्ही समोरच्या फुटपाथवरून बघा. आणि होली फॅमिली चर्च. आगीतून वाचलेलं आहे, आतली रचना त्याची.

चैत्राली_व
पहिल्याच दिवशी तो कोपरा गाठणार. लेकीला हा धागा पाठवला, तिचा उलट प्रश्न आला : काकांच्या वडिलांच्या वह्या आहेत का अजून?

ओळंबा
दोन आहेत. माझ्याकडेच, इथे. पेन्सिल पुसट झालीय, पण मापं वाचता येतात. तिला म्हणावं, सेमिस्टर सुरू झालं की ये एखाद्या रविवारी.