वाचक एकदा पुस्तक घेतात, परत फिरकत नाहीत. काय चुकतंय?

नारायणपेठी:
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी पदरचे पैसे घालून कथासंग्रह काढला, ५०० प्रती. प्रकाशनाच्या दिवशी शंभरेक गेल्या (त्यातले निम्मे नातेवाईक आणि बायकोच्या ऑफिसातले), मग अप्पा बळवंत चौकातली दोन दुकानं आणि ऑनलाइन मिळून ऐंशी असतील, बाकीचे गठ्ठे दिवाणात आहेत, पाहुणे आले आणि गाद्या काढायला दिवाण उघडला की बायको काही बोलत नाही, नुसती बघते. फेसबुकवर रोज काही ना काही टाकतो, मुखपृष्ठाचा फोटो, कुणी चार ओळी लिहिल्या तर त्या, लाइक दीडदोनशे येतात. परवा दुसऱ्या पुस्तकाचं विचारलं, आगाऊ नोंदणी कोण करणार, तर अंगठे आले ४० आणि नावं ६. खपाचं रडगाणं नाहीये हे. काही लेखकांचे वाचक मी बघितलेत, लेखकाचा विषय निघाला की घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात, भांडतात सुद्धा. ते कसं जमतं?

गल्लाबहाद्दर:
तीस वर्षं पुस्तकाच्या दुकानात काढली, म्हणून बोलतो, राग मानू नका. तुमचं पुस्तक उघडा आणि नाव-पत्त्याचं पान बघा. मुद्रक आहे, आयएसबीएन आहे, किंमत आहे. तुमचा पत्ता आहे का? ईमेल? जुनी मराठी पुस्तकं काढून बघा, लेखकाचा घरचा पत्ता छापलेला असायचा, पेठ, घर नंबर सगळं. बार्शीच्या वाचनालयात कुणी तुमची कथा वाचून हललं तर त्याने ते कुणाला सांगायचं? दुकानात यायची की माणसं विचारत, यांचा पत्ता मिळेल का हो. आम्ही चिठ्ठीवर लिहून द्यायचो.
आणि ते रोज मुखपृष्ठ टाकणं बंद करा. वाण वाटल्यासारखं होतं ते, बाई येते, घेते, जाते.

कंडक्टरची_लेक:
माझे वडील एसटीत होते. नव्वदच्या आसपासची गोष्ट, एका लेखकाच्या कादंबरीत (नाव नको, ते आता नाहीत) नायक स्वारगेटला नाशिकच्या गाडीत बसतो. झालं! बाबा रात्रभर अस्वस्थ. सकाळी पोस्टकार्ड लिहिलं, नाशिकची गाडी शिवाजीनगरहून सुटते, स्वारगेटहून सातारा-कोल्हापूर, बाकी कादंबरी उत्तम, आईचा मृत्यू वाचवला नाही. आई म्हणाली कशाला नसते उद्योग. बारा दिवसांनी उत्तर आलं, हिरव्या शाईत, 'आपला नायक चुकीच्या स्टँडवर उभा होता हे तीन परीक्षकांना कळलं नाही. पुढच्या आवृत्तीत त्याला रिक्षाने शिवाजीनगरला पोचवतो.' आणि खरंच पोचवला हो, दुसऱ्या आवृत्तीत रिक्षाचं एक वाक्य जास्त आहे. बाबांनी त्या आवृत्तीच्या ११ प्रती घेतल्या, रिटायर झाले तेव्हा डेपोतल्या लोकांना वाटल्या, प्रत्येकाला तेच पान उघडून दाखवायचे. त्या लेखकाची नंतरची दोन पुस्तकं तशी बेतासबातच होती पण आमच्या घरात तसं बोलायची सोय नव्हती.
(अवांतर: आता शिवाजीनगरचं स्टँडच २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला गेलंय, बाबा असते तर अजून एक कार्ड गेलं असतं.)

तिरशिंगराव:
जरा वेगळं मत. लेखकाने लिहावं, बास. वाचकांच्या मागे गोंडा घोळत फिरायचं म्हणजे उद्या वाचक सांगतील तसा शेवट करायचा का? जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले, सभा-समारंभ टाळले, लोकांपासून लांबच. तरी त्यांच्यावर जीव टाकणारे वाचक कमी आहेत का?

गल्लाबहाद्दर:
तिरशिंगराव, उदाहरण तुम्ही माझ्याच पदरात टाकलंत. जीएंची पत्रं वाचलीत ना? खंडच्या खंड निघालेत. व्यासपीठ टाळलं, पत्र नाही टाळलं. उलटं टोक घ्या, मिरासदार, शंकर पाटील, माडगूळकर, तिघं मिळून गावोगाव कथाकथनाला जायचे, लोक पोट धरून हसायचे आणि मग पुस्तक शोधत यायचे. स्वभाव वेगळे, रस्ते वेगळे. आणि शेवट बदला असं कुणीच म्हणत नाहीये. स्टँड बदला म्हणतायत.

आठवड्याचा_बाजार:
मला वाटतं सातत्याचं पण बघा. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये इथेच पुण्यात 'करमणूक' साप्ताहिक काढलं, 'पण लक्षांत कोण घेतो' त्यातूनच क्रमशः आली. वाचक पुढच्या अंकाची वाट बघायचे म्हणजे लेखक आठवड्याला घरी यायचा असंच की ते. तुम्ही रोज येताय पण हातात काही नाही घेऊन येत, नुसतं 'पुस्तक घ्या'. महिन्यातून एकदा या पण एक पानभर नवं लिहिलेलं घेऊन या.
व्हॉट्सॲपवर करायचं तर ग्रुप नका काढू, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि दुसऱ्या दिवशी सुप्रभात सुरू. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, त्यामुळे आपोआप गाळणी लागते. उत्तर आलं तर फक्त तुम्हाला दिसतं, लोक मोकळं लिहितात. माझ्या यादीत ७० च माणसं आहेत, त्यातली तीसेक तरी दर वेळी काहीतरी लिहितात.

नारायणपेठी:
सगळ्यांचे आभार. पत्त्याचं वाचून पुस्तक उघडलं, खरंच नाहीये. एक कबुली देतो आता. मागच्या दिवाळीत एका अंकात कथा आली होती, खाली मोबाइल नंबर छापला होता. पहिल्या आठवड्यात वीसेक फोन आले, परभणी, चिपळूण, कुठून कुठून, एक रात्री साडेनऊला, आम्ही जेवत होतो. सुरुवातीला बरं वाटलं, मग वैताग आला आणि अनोळखी नंबर उचलायचंच सोडलं. आणि मी इथे विचारतोय वाचक कुठे गेले!

कंडक्टरची_लेक:
😀 आहेत का ते नंबर अजून?

नारायणपेठी:
काल रात्री कॉल लिस्ट बघितली, एवढ्या मागचं काही उरलं नाही. पण मेसेज होते, न उघडलेले नऊ. एक बार्शीच्या बाईंचा, आठ महिने जुना, 'सर फोन करू का, त्या म्हातारीबद्दल विचारायचे होते'. आज दुपारी मीच लावला. आधी त्यांना वाटलं लोनवाला आहे. मग ओळख पटल्यावर चाळीस मिनिटं बोलल्या. त्यांच्या सासूबाईंना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना कथा वाचून दाखवली होती आणि शेवटी म्हातारी घर सोडून जाते की राहते यावरून दोघींचं अजून भांडण चालू आहे. मी रुबाबात म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? तर म्हणाल्या, अहो आम्हाला काय विचारता, लिहिलंय तुम्ही ना! मागून सासूबाईंचा आवाज, 'त्यांना पण माहीत नाही म्हण.'
उद्या पोस्टात जातोय, दिवाणातली एक प्रत बार्शीला. आत पत्ता हाताने लिहिलाय.

तिरशिंगराव:
ते सगळं ठीक. म्हातारी जाते का राहते?