फ्रेंच ते कितुबा भाषांतर – मदत हवी आहे (जरा अर्जंट)

तेलघाणा
नमस्कार मंडळी, फ्रेंचमधून कितुबात (काँगोतली भाषा) भाषांतर करून देणारं कुणी आहे का इथे? किंवा एखादी साइट, डिक्शनरी, काहीही चालेल. सात-आठ ओळी आहेत फक्त. ट्रान्सलेटरमधून काढल्या तर माणसं वाचतात आणि हसतात, आणि एका ओळीचं तर सरळ उलटंच करतात. सोमवारच्या आत हवंय. "गूगल कर" म्हणणाऱ्यांनी कृपया लिहू नये, करून झालंय.

बारक्या_बोरिवली
आधी क्युबा वाचलं. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

फ्रेंचवाली_ताई
मूळ फ्रेंच ओळी टाका ना आधी! त्याशिवाय कोण काय सांगणार? इतकी वर्षं फ्रेंच शिकवतेय, निम्म्या वेळा मूळ फ्रेंचमध्येच घोळ असतो आणि बिल भाषांतरावर फाडलं जातं. तू/व्हू (म्हणजे तू की तुम्ही) काय वापरलंय? सूचना आहे, पत्र आहे की लग्नाची पत्रिका?

किन्शासाकर
कितुबाच्या नादी कशाला लागताय, लिंगाला वापरा. तिकडची सगळी गाणी लिंगालात, सैन्य लिंगालात, काँगोत बऱ्याच ठिकाणी चालते. मी किन्शासात राहतो, माझं कुठे अडत नाही.

तेलघाणा
लिंगाला नकोय हो, इथे सगळे कितुबातच बोलतात. फ्रेंच बरोबर आहे, कंपनीचंच आहे.

पॉइंटनोआर_रिटर्न
"इथे" म्हणजे कुठे, ते सांगाल का? काँगो दोन आहेत आणि कितुबा दोन्हीकडे आहे, शिवाय उत्तर अंगोलातही. ब्राझाव्हिलवाल्या काँगोच्या २०१५ च्या राज्यघटनेत लिंगाला आणि कितुबा अशी दोन्ही नावं स्पष्ट लिहिलीत. किन्शासावाल्या काँगोच्या २००६ च्या घटनेत मात्र नुसतं "किकोंगो" लिहिलंय, पण ऑफिसात, बाजारात त्या नावाखाली जी भाषा चालते ती बहुतेक वेळा कितुबाच. लोक तिला किकोंगो या लेता म्हणतात, म्हणजे सरकारी किकोंगो. तुम्ही ट्रान्सलेटरमध्ये किकोंगो निवडलं होतं का कितुबा? दोन्ही वेगवेगळे दिसतात आता.

तेलघाणा
किक्विट. क्विलू प्रांत. पामतेलाची मिल आहे, स्क्रू प्रेस बसवायला आलोय, सोमवारी मिल सुरू करायचीय. त्याआधी सेफ्टीचे बोर्ड लागले पाहिजेत, नाहीतर साहेब सही करणार नाहीत. कामगार फ्रेंच वाचतात पण सगळे नाही. किकोंगोच निवडलं असणार, इथले लोकही भाषेला किकोंगोच म्हणतात.

कोथरूडचे_काका
किक्विटला १९९५ मध्ये इबोलाची साथ आली होती, काळजी घ्या. यलो फीव्हरची लस घेतलीत का? त्याचं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. पाणी उकळून.

तेलघाणा
काका, मी इथे येऊन बसलोय, लसीशिवाय आत घेतलं असतं का? भाषांतराचं बोला.

पॉइंटनोआर_रिटर्न
मग तिथेच गोम आहे. क्विलूमधले तुमचे कामगार घरी म्बाला, पेंडे, यान्सी, म्बुंडा असलं काहीतरी बोलणार आणि एकमेकांशी कितुबा. खरी किकोंगो ही खाली माटाडीकडच्या कोंगो लोकांची. शब्द ओळखीचे वाटतात पण व्याकरण फार जड, क्रियापदाला पुढून मागून शेपट्या. कितुबात ते सगळं झडून गेलंय. मोनो के साला म्हणजे मी काम करतोय, मोनो मे साला म्हणजे केलंय, मोनो ता साला म्हणजे करीन. माणूस बदलला तरी साला तसंच. फ्रेंचसारखं प्रत्येकासाठी वेगळं रूप पाठ करायला नको. नराला, नारीला दोघांना यांदी, त्यामुळे उलट्या बाजूने फ्रेंच करताना तो का ती हे संदर्भावरून ठरवावं लागतं.

ओळखायची युक्ती सांगतो. नकाराच्या ओळीच्या शेवटी "को" असेल तर ती किकोंगो, "वे" असेल तर कितुबा. किकोंगोत नकार "के … को" असा दोन बाजूंनी येतो, फ्रेंचच्या "न … पा" सारखा. आणि गंमत बघा, तोच "के" कितुबात "आहे" या अर्थाने येतो. म्हणजे किकोंगोत लिहिलेलं "नाही" कितुबावाला "आहे" असं वाचायला लागला तर हसणारच.

किन्शासाकर
एवढं सगळं करण्यापेक्षा लिंगालात लिहा. कितुबा ही भाषा तरी आहे का, मोडकी किकोंगो आहे ती. बेल्जियन लोकांनी मजुरांना हुकूम सोडायला बनवलेली.

पॉइंटनोआर_रिटर्न
बनवली नाही कुणी. व्यापारामुळे मिसळ सुरूच होती. मग माटाडी ते लिओपोल्डव्हिल (आताचं किन्शासा) रेल्वे (१८९० ते १८९८) आणि पलीकडे काँगो-ओसियाँ रेल्वे (१९२१ ते १९३४), ठिकठिकाणचे मजूर एकत्र आले आणि त्यांच्यात ती पसरली. आपल्या मुंबईच्या हिंदीला व्याकरणवाला नाकं मुरडतो पण लोकल तिच्यावरच चालते ना, तसंच. तुमची लिंगालाही नदीवरच्या व्यापारातूनच वाढलीय, उगाच नाक वर करू नका.

फ्रेंचवाली_ताई
हे सगळं छान, पण मूळ ओळी अजून आल्याच नाहीत! आणि किन्शासावाल्या काँगोच्या फ्रेंचमध्ये बेल्जियमसारखं सत्तरला सेप्तांत, नव्वदला नोनांत म्हणतात, फ्रान्ससारखं साठ-दहा, चार-वीस-दहा नाही. बोर्डावर आकडे असतील तर ते बघा.

पॉइंटनोआर_रिटर्न
आकडे अंकातच टाका हो ताई. कितुबातही नव्वद म्हणजे माकुमी उव्वा, सरळ नऊ दहा. पण पैसे मोजताना बरेच जण फ्रेंचच बोलतात.

तेलघाणा
हे घ्या. फ्रेंच: न पा तुशे ला माशिन आँ मार्श, म्हणजे चालू मशीनला हात लावू नका. ट्रान्सलेटरच्या ओळीच्या शेवटी "को" आहे, तुम्ही म्हणता तसंच. आमच्या मुकादमाने ती बघून दुसरी लिहून दिली, पेंटरने रंगवलीसुद्धा: कुसिंबा मासिनी न्तांगू यो के साला. हीच ती, जी वाचून काल एक पोरगा चालू प्रेसच्या पट्ट्याजवळ हात घेऊन गेला. वेळेवर ओढला म्हणून वाचला.

पॉइंटनोआर_रिटर्न
अहो, वे कुठेय???
कुसिंबा म्हणजे धरणं, हात लावणं. तुमचा बोर्ड म्हणतोय "मशीन चालू असताना हात लावणे". मुकादमाच्या कागदावर बघा, शेवटी वे असणार. पेंटरला जागा पुरली नसेल किंवा त्याला तो दोन अक्षरांचा तुकडा फालतू वाटला असेल. फ्रेंचमध्ये "न पा" सुरुवातीलाच येतं, ओळ कुठेही कापली तरी मनाई उरते. कितुबात मनाई शेपटीला.

तेलघाणा
कागद बघितला. वे आहे. दुसऱ्या ओळीत एकटाच आहे.

बारक्या_बोरिवली
आई शप्पथ.

पॉइंटनोआर_रिटर्न
मग लांब ओळी लिहूच नका. वर लाल हाताचं चित्र, खाली ठसठशीत "कुसिंबा वे!" एका ओळीत. त्याखाली लहान अक्षरात "काना मासिनी के साला, कुसिंबा यो वे", म्हणजे मशीन चालू असेल तर तिला हात लावू नका. पण मी समुद्राकडचा, आमच्याकडे मोनोच्या जागी मुनू म्हणतात, असे फरक बरेच आहेत. त्यामुळे रंगवायच्या आधी मिलमधल्याच दोघा-तिघांना वाचायला द्या आणि यातून काय समजलं ते फ्रेंचमध्ये सांगायला लावा. मुकादमाला नको, त्याला अर्थ आधीच माहितीये. बाकी फ्रेंच-कितुबा समोरासमोर ठेवून बघायचं असेल तर मानवी हक्कांचा जाहीरनामा दोन्हीत आहे, ३० कलमं, वाक्यरचना कळते. मशीनचे शब्द मात्र त्यात मिळणार नाहीत, ते फिटर लोकांना विचारा.

फ्रेंचवाली_ताई
फ्रेंच तरी बरोबर होतं म्हणायचं.

किन्शासाकर
लिंगालातही नकाराचा "ते" शेवटीच येतो, पण आमच्या पेंटरने कधी खाल्ला नाही.

तेलघाणा
धन्यवाद दादा, जुना बोर्ड उतरवला, पेंटर दुपारी येतोय. बाकीच्या ओळी विपूत (खाजगी निरोपात) पाठवतो, बॉयलर आणि शाफ्टच्या आहेत, आजच बघाल का?

कोथरूडचे_काका
तिकडे पामतेल काय भावाने मिळतं हो?