‘ट्रेन फेरी’ला मराठीत काय म्हणावे?

भाषांतरवाली:
स्कॉटलंडमधील रेल्वे पुलांवरील एका लेखाचे भाषांतर करताना अडले आहे. फोर्थच्या खाडीवर १८९० मध्ये पूल झाला. त्याआधी चाळीस वर्षे मालगाडीचे डबे ग्रँटनहून बर्न्टआयलंडला बोटीने जात. १८५० मध्ये सुरू झालेल्या ‘लेव्हायथन’च्या डेकवरच रूळ होते. मी लिहिले, ‘या फेरीच्या रोज अनेक फेऱ्या होत’, आणि संपादकांनी वाक्याखाली लाल रेघ ओढली. त्यांना ‘रेल्वेनौका’ हवी आहे, पण नौका म्हटले की मला नौकाविहार आठवतो. नदी ओलांडायच्या होडीसाठीचा ‘तर’ हा जुना शब्द घेतला, तर वाचक पुढच्या ‘तर’पाशी नक्की अडखळेल.

दिघीकर:
ताई, ‘फेऱ्या’ काढून ‘खेपा’ लिहा, निम्मे भांडण मिटेल. उरला प्रश्न बोटीचा. आगरदांड्याहून दिघीला गाड्या घेऊन येते तिला आम्ही सगळे जंगलजेट्टी म्हणतो. पलीकडे जंगल आणि अलीकडे जेट्टी म्हणून हे नाव पडले, असे आमचे आजोबा सांगत.

शब्दपारखी:
आजोबांचा मान राखून सांगतो, यात जंगल नसावे. वाहने नेणाऱ्या बोटीला केरळात जंकार म्हणतात आणि आपला शब्द त्याच्याच नात्यातला असावा, असे माझे मत आहे. दोन होड्या शेजारी बांधून वर फळ्या टाकल्या की जे होते त्याला मराठीत ‘सांगड’ हा नेमका शब्द आहे. ‘सांगड घालणे’ आपण रोज म्हणतो आणि खरी सांगड विसरतो. तेव्हा ‘रेल्वे-सांगड’ लिहावे. अपभ्रंशांना छापील मजकुरात थारा देऊ नये.

रूळजोड:
शब्द सुंदर आहे, पण वस्तू ती नव्हे. ‘लेव्हायथन’ ही रॉबर्ट नेपियर यांच्या कारखान्यात बांधलेली, दोन्ही अंगांना पाणी मागे ढकलणारी चाके असलेली आगबोट होती. शिवाय खरी करामत बोटीपेक्षा धक्क्यावर होती. अभियंते टॉमस बाउच यांनी उतरत्या धक्क्यावर चाकांची एक चौकट बसवली होती. भरती-ओहोटीप्रमाणे ती वर-खाली सरकवायची, तिच्या टोकाच्या झुलत्या फळ्या डेकवर टेकवायच्या, म्हणजे किनाऱ्याचे रूळ बोटीच्या रुळांना जुळत. मग काठावरचे वाफेचे इंजिन डबे ओढून घेई. प्रवासी मात्र गाडीतून उतरून वेगळ्या बोटीने जात. त्या काळी या सोयीला ‘तरंगती रेल्वे’ अशा अर्थाचेच नाव होते. तेच का घेऊ नये?

शब्दपारखी:
मग ‘तरता लोहमार्ग’ म्हणा.

भाषांतरवाली:
लोहमार्ग पोलिसांच्या पाटीवर शोभतो. माझ्या वाक्यात तो फार जड होतो.

दिघीकर:
‘रो-रो’, म्हणजे ‘रोल-ऑन रोल-ऑफ’, गाडी थेट चढवायची आणि थेट उतरवायची, हे चालेल का? भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाते तीही रो-रो, आणि कोकण रेल्वे ट्रक वाहून नेते तीही रो-रोच.

रूळजोड:
म्हणजे एकात गाडी पाण्यावर आणि दुसऱ्यात ट्रक रुळांवर! स्कॉटलंडमध्ये कॉनलचा रेल्वे पूल १९०३ चा. १९०९ पासून त्यावरून मोटारी रेल्वेच्या वाघिणीवर, म्हणजे मालाच्या डब्यावर, चढवून पलीकडे नेत. १९१४ मध्ये रुळांशेजारीच रस्ता केला, पण तो इतका अरुंद की आगगाडी आली की मोटारींनी थांबायचे. १९६६ मध्ये रेल्वे बंद झाली आणि पूल मोटारींकडे गेला. या पुलालाही रो-रो म्हणणार काय?

भाषांतरवाली:
पुलांचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. बाउच यांचाच टे नदीवरचा पूल २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात आगगाडीसह पाण्यात गेला आणि सुमारे पंचाहत्तर माणसे दगावली. फोर्थचे काम त्यांच्याकडून काढून फाउलर आणि बेकर या अभियंत्यांना दिले गेले. त्यांच्या कॅन्टिलिव्हर पुलाला, म्हणजे खांबापासून दोन्हीकडे पुढे झेपावलेल्या भुजांवर उभ्या पुलाला, काय म्हणावे?

शब्दपारखी:
‘बाहुसेतू’. बेकर यांनी खुर्च्यांवर दोन माणसे हात पसरून बसवली, त्यांच्या हातांना काठ्यांचा आधार दिला आणि मधल्या फळीवर काइची वातानाबे या जपानी अभियंत्याला बसवून हा पूल लोकांना समजावला. ‘बाहू’ त्या प्रात्यक्षिकातच दिसतात, आणि ‘पूल’ तर फारसी आहे.

रूळजोड:
फारसी असला तरी तो मराठी माणसाच्या तोंडी पक्का बसला आहे. ‘बाहुसेतू’ म्हटल्यावर कोणत्या साइटवरचा मुकादम वळून पाहील, ते सांगा.

शब्दपारखी:
मुकादमही अरबी आहे.