लाकडातल्या काळ्या रेघा: कीड की काय?

प्रश्न: मेपलचा ओंडका चिरला, तर आत शाईने काढल्यासारख्या काळ्या रेघा! वाडग्यासाठी वर्षभर जपलेला तुकडा, टाकवत नाही.

उत्तर: टाकू नका! ही बुरशी. दोन बुरशा समोरासमोर आल्या की हद्द राखायला मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याची भिंत घालतात. चिरल्यावर तीच रेघ दिसते. अशा रेघा याव्यात म्हणून मी ओंडके मुद्दाम ओलसर ठेवतो. फक्त नख रुतवून बघा, पांढरी कुज (लाकूड कुजवणारी बुरशी) लाकडाला कठीणपणा देणारं लिग्निन खाते आणि लाकूड भुसभुशीत होतं.

उत्तर: निळसर हिरवा डाग दिसला तर तो क्लोरोसिबोरिया नावाच्या बुरशीचा. १५व्या शतकात इटलीतले कारागीर जडावकामात हेच लाकूड वापरत.

प्रश्नकर्ता: नख रुतलं नाही! आता?

उत्तर: वाळवा. ओलावा २० टक्क्यांखाली गेला की बुरशी थांबते. घासताना मास्क लावाच.