समोरच्या यूएसबीच्या सुट्या वायरी हेडरवर कशा लावायच्या?

जुनं_कॅबिनेट:
जुन्या कॅबिनेटमध्ये नवा मदरबोर्ड बसवतोय. समोरच्या दोन यूएसबी पोर्टांना एकत्र प्लग नाही. दर पोर्टाला पाच सुट्या वायरी आहेत: लाल, पांढरी, हिरवी, काळी आणि एक जरा जाड काळी. कनेक्टरवरची अक्षरं पुसली गेलीत. बोर्डवर ९ पिनांचा हेडर (वायरी लावायच्या उभ्या पिनांचा गट) आहे, पण शेजारी तसलाच आणखी एक दिसतो. चुकलं तर नेमकं काय जळतं?

पेचकस:
आधी एसएमपीएसचा (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचा) स्विच बंद करा, प्लग काढा आणि पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा. नुसतं शटडाऊन पुरत नाही. बऱ्याच बोर्डांवर या हेडरला तेव्हाही ५ व्होल्ट असतात.

हेडरच्या दोन ओळी, एका ओळीवर एक पोर्ट. जिथे पिनच नाही ती ९ नंबरची जागा. तिच्या विरुद्ध टोकापासून लावत या: लाल, पांढरी, हिरवी, काळी. दुसऱ्या ओळीतही हाच क्रम. (फार जुन्या काही बोर्डांवर दुसरी ओळ उलटी असायची. तुमचा नवा आहे, तरी मॅन्युअल उघडाच.) जाड काळी म्हणजे शील्ड, केबलभोवतीच्या संरक्षक आवरणाची वायर. ती नाही लावली तरी चालतं, टोकाला टेप गुंडाळून बाजूला ठेवा.

शेजारच्या हेडरपासून मात्र जपा. फायरवायरच्या (यूएसबीसारखीच एक जुनी जोडणी) हेडरलाही ९ नंबरचीच पिन नसते आणि त्यावर १२ व्होल्ट असतात. तिथे लावलंत तर पहिलाच पेनड्राइव्ह गेला म्हणून समजा. ऑडिओच्या हेडरला ८ नंबरची पिन नसते, कॉम पोर्टच्या (जुन्या सीरियल पोर्टच्या) हेडरला १० नंबरची. बोर्डवर छापलेलं नाव वाचा, आकारावर जाऊ नका.

पाचव्होल्ट:
क्रम बरोबर, पण स्वस्तातल्या कॅबिनेटमध्ये रंगांवर भरवसा नको. एखादी जुनी यूएसबी केबल कापा, प्लगकडचा तुकडा समोरच्या पोर्टात घाला आणि मल्टिमीटर कन्टिन्युटीवर (वायर सलग जोडलेली आहे का ते दाखवणाऱ्या सेटिंगवर) ठेवून त्याच्या चार वायरी एकेक करून जुळवा. जोडणी झाल्यावर त्याच तुकड्याच्या लाल-काळीवर व्होल्टेज बघा. उघडी टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका. ५ च्या आसपास हवं. आकड्यापुढे उणे आलं तर वायरी उलट्या लागल्यात.

पांढरी-हिरवी उलटी लागली तर जळत काही नाही, विंडोज फक्त डिव्हाइस ओळखत नाही. लाल-काळी उलटी लागली तर लावलेली वस्तू मरते. सरळ शॉर्ट झालं तर काही बोर्ड ओव्हर करंटचा (प्रमाणाबाहेर वीज ओढली जात असल्याचा) संदेश दाखवून १५ सेकंदांत बंद पडतात. तेव्हा हेडरवरच्या वायरी काढून पुन्हा चालू करा. संदेश गेला तर दोष समोरच्याच बाजूला. टॉर्च मारून पोर्टात बघा, वाकलेली पट्टी बाहेरच्या पत्र्याला टेकलेली सापडते.

जुनं_कॅबिनेट:
जुळवून लावलं, दोन्हीकडे ५.१ व्होल्ट. एका पोर्टावर माऊस चालतो, पेनड्राइव्ह मात्र सारखा डिस्कनेक्ट होतो.

पाचव्होल्ट:
साधा माऊस सेकंदाला १.५ मेगाबिटवर भागवतो, पेनड्राइव्हला ४८० लागतात. पांढरी आणि हिरवी एकमेकींना पिळलेल्या हव्यात, टोकाला दोन-तीन सेंटिमीटरच सुट्या. उकललेल्या असतील तर पुन्हा पीळ द्या. कनेक्टर सैल असेल तर आतली पत्री सुईने हलकेच दाबा.

पेचकस:
आणि चारही कनेक्टर क्रमाने शेजारी धरून टेपने एक पट्टी करा, लालच्या बाजूला मार्करने खूण. सुटे ठेवले तर पुढच्या वेळी एक पिन सरकून लागायला वेळ लागत नाही.