सूर्यासमोर घिरट्या घालणाऱ्या घारीचे डोळे दिपत कसे नाहीत?

प्रश्नकर्ता : यवतेश्वरचा वाटसरू, सातारा

नमस्कार. गेल्या रविवारी सकाळी यवतेश्वरहून कासकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला थांबून मी आठ बाय बेचाळीसच्या दुर्बिणीतून एका घारीच्या घिरट्या पाहत होतो. घार वर चढत चढत सूर्याच्या बाजूला सरकली आणि तिच्यामागे फिरणारी माझी दुर्बीणही नकळत सूर्यावरून गेली. हे सगळे क्षणभरात घडले. परंतु डोळ्यापुढे जो हिरवट-जांभळा डाग उमटला, तो दुपारपर्यंत पूर्णपणे पुसला गेला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, डोळ्याचा पडदा तपासला आणि सुदैवाने इजा नसल्याचे सांगितले. मात्र जाता जाता ‘पुन्हा असे करू नका’ अशी कानउघाडणीही केली, आणि ती योग्यच होती.

तेव्हापासून एक शंका मनातून जात नाही. डोळ्याचा हा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, इतके नाजूक असेल, तर दिवसभर आभाळात राहणाऱ्या आणि प्रत्येक घिरटीत सूर्याला सामोरे जाणाऱ्या घारीचे, गरुडाचे, ससाण्याचे दृष्टिपटल टिकते कसे? माझी समजूत अशी की, शिकारी पक्ष्याचा डोळा आपल्यापेक्षा तीक्ष्ण म्हणजे तो आपल्यापेक्षा अधिक प्रकाश गोळा करणारा. मग तो आपल्या आधी जळायला हवा. लहानपणी आजोबा सांगत की, गरुड सूर्याकडे टक लावून पाहू शकतो. यात काही तथ्य आहे का? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा, अर्थात, बेताचाच.

प्रतिसाद १ : मिरजेचे मास्तर

आपल्या प्रश्नातील एक गृहीतक आधी दुरुस्त केले पाहिजे, कारण सगळा घोटाळा तिथे आहे. तीक्ष्ण नजर आणि प्रकाश गोळा करण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दृष्टिपटलाच्या एका ठिपक्यावर किती प्रकाश पडेल, हे डोळ्याच्या आकारावर नव्हे, तर बाहुलीचा व्यास आणि डोळ्याचे नाभीय अंतर (ढोबळमानाने भिंगापासून पडद्यापर्यंतचे अंतर) यांच्या गुणोत्तरावर ठरते. छायाचित्रकार मंडळींना कॅमेऱ्याच्या एफ-क्रमांकावरून हे चटकन ध्यानात येईल.

आकडेच पाहू. सूर्यबिंब आपल्याला सुमारे अर्ध्या अंशाचे दिसते. माणसाच्या डोळ्याचे नाभीय अंतर साधारण १७ मिलिमीटर धरले, तर दृष्टिपटलावर सूर्याची प्रतिमा जेमतेम ०.१६ मिलिमीटर व्यासाची उमटते. ऑस्ट्रेलियातील पाचरशेपटी गरुडाच्या डोळ्याचे नाभीय अंतर सुमारे २२ मिलिमीटर आहे. त्याच्या पडद्यावर तीच प्रतिमा ०.२ मिलिमीटरची होते. म्हणजे बाहुली तेवढीच असेल, तर तोच प्रकाश त्याच्या डोळ्यात अधिक जागेवर पसरतो आणि दर चौरस मिलिमीटरला उलट कमीच पडतो. या गरुडाची नजर १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मोजली गेली, तेव्हा त्याला एका अंशात काळ्या-पांढऱ्या रेघांच्या सुमारे १४० जोड्या वेगळ्या ओळखता आल्या. माणसाची उत्तम नजर ६०च्या आसपास थांबते. हा फरक मोठी प्रतिमा आणि दाटीवाटीने बसलेल्या शंकू पेशी (उजेडात रंग आणि बारकावे टिपणाऱ्या दृष्टिपेशी) यांमुळे पडतो, अधिक प्रकाशामुळे नव्हे. किंबहुना या पेशींना भरपूर उजेड लागतो. उजेड कमी होत गेला की त्या गरुडाची नजर झपाट्याने खाली येते. अशा डोळ्याला ऊन ही गरज आहे, संकट नंतर.

आता आपल्या दुर्बिणीविषयी. नुसत्या डोळ्याने सूर्याकडे पाहिले तर बाहुली आक्रसलेली असते आणि प्रतिमा इतकी लहान असते की तिथली उष्णता आजूबाजूला वाहून जाते. पडद्याचे तापमान काही अंशच वाढते. त्या वेळी होणारी इजा मुख्यतः रासायनिक असते. आठपट मोठे करणाऱ्या दुर्बिणीतून मात्र प्रतिमेचे क्षेत्रफळ चौसष्टपट होते आणि डोळ्यात शिरणारी एकूण ऊर्जाही जवळजवळ तितकीच वाढते. एवढ्या मोठ्या तापलेल्या ठिपक्याचा मधला भाग निवत नाही आणि मग खरोखर भाजते. घारीच्या डोळ्यापुढे दुर्बीण नसते, हा फरक विसरू नये.

प्रतिसाद २ : नेत्रतंत्रज्ञ, सांगली

मास्तरांनी उष्णतेची बाजू नेमकी मांडली आहे. मी रासायनिक इजेविषयी लिहिते, कारण आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांना तीच समजावून सांगणे अवघड जाते. पडद्यात वेदना कळवणारे तंतूच नाहीत. त्यामुळे ग्रहण पाहताना काहीही दुखत नाही आणि मधोमध धूसर डाग दिसू लागतो तो काही तासांनी. तोवर माणूस ‘मला काही झाले नाही’ म्हणून निर्धास्त असतो.

प्रकाशामुळे पडदा बिघडतो हे प्रयोगशाळेत ठळकपणे दाखवले ते संशोधक व्हर्नर नोएल यांनी, १९६६ साली. त्यांनी उंदरांना डोळे दिपवणारा झोत दिला नव्हता. काही तास साधा हिरवट प्रकाश दिला आणि तेवढ्याने त्यांच्या दृष्टिपेशी मेल्या. शरीराचे तापमान वाढवले तेव्हा इजा वाढली. पुढे १९७६ साली विल्यम हॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर वेगवेगळ्या तरंगलांबींचे लेसर वापरून दाखवले की, ४४१ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला इजा करण्यासाठी अवरक्त प्रकाशाच्या तुलनेत फारच थोडी शक्ती पुरते. कारण असे की, दृष्टिपेशींच्या टोकाला असंपृक्त मेदाम्लांनी भरलेल्या पातळ चकत्यांची चळत असते, शेजारी प्राणवायूचा सतत पुरवठा असतो आणि प्रकाश शोषणारी रंगद्रव्येही तिथेच असतात. मेद, प्राणवायू आणि प्रकाश एकत्र आले की तेल खवट होते, हे घरातल्या कोणालाही सांगायला नको. म्हणूनच या चकत्या रोज थोड्या थोड्या गळतात आणि पाठीमागचा रंजक पेशींचा थर त्या गिळून टाकतो. पेशीच्या तळाशी नव्या चकत्या बनत राहतात. नाजूक पडदा टिकतो तो या रोजच्या डागडुजीवर.

पक्ष्यांच्या पडद्यात एक व्यवस्था आपल्यापेक्षा सरस आहे. त्यांच्या प्रत्येक शंकू पेशीत तेलाचा एक सूक्ष्म थेंब असतो आणि बहुतेक थेंबांत लाल, नारिंगी किंवा पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्ये असतात. प्रकाश या थेंबातून गाळूनच रंगद्रव्यापर्यंत पोहोचतो, म्हणजे घातक निळा भाग पेशीच्या दारातच अडतो. निशाचर घुबडांत हे थेंब फिकट असतात, कारण त्यांना अंधारात प्रकाशाचा कणही गमवायचा नसतो. जपानी लाव्यांवरील प्रयोगांत, ज्यांच्या पडद्यात यांपैकीच एक पिवळे द्रव्य झिअ‍ॅझँथिन अधिक होते त्यांच्या दृष्टिपेशी तीव्र प्रकाशात कमी मेल्या, हे २००२ साली प्रसिद्ध झाले आहे. आपल्या पीतबिंदूचा पिवळेपणाही याच द्रव्यामुळे आणि ल्युटिनमुळे येतो; फरक इतकाच की, आपल्याकडे पडद्याच्या मध्यभागी त्याची एक सामाईक गाळणी आहे आणि पक्ष्याकडे पेशीगणिक स्वतंत्र चष्मा.

जाता जाता एक गमतीची गोष्ट. डॉक्टरांनी आपल्या डोळ्यात घातले तसे थेंब घारीच्या डोळ्यात घातले असते तर बाहुली हललीही नसती. आपल्या बाहुलीचे स्नायू अनैच्छिक प्रकारचे आहेत, पक्ष्यांचे मात्र हातापायांच्या स्नायूंसारखे पट्टेदार. त्यामुळे त्यांची बाहुली अतिशय वेगाने लहान-मोठी होते आणि आपल्याकडचे नेहमीचे औषध तिथे चालत नाही.

प्रतिसाद ३ : पाटणचा पक्षिनिरीक्षक

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून समाधान झाले, तरी मूळ प्रश्नाचे निम्मे उत्तर डोळ्याच्या बाहेर आहे, असे मला वाटते. घारीचे दृष्टिपटल सूर्य सोसते असे म्हणण्यापेक्षा घार सूर्याला त्यावर ठाण मांडू देत नाही, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. घिरटी घालणारा पक्षी खाली पाहत असतो. त्यामुळे वरून आलेली सूर्याची प्रतिमा पडद्याच्या खालच्या भागावर पडते, नजरेच्या खळग्यावर (पडद्यावरच्या सर्वांत तीक्ष्ण जागेवर) नव्हे. शिवाय पक्षी सतत वळत असल्याने ती प्रतिमा एका जागी थांबत नाही, आणि रासायनिक इजा तर तीव्रता व वेळ या दोहोंच्या गुणाकारावर ठरते. ससाणे आणि गरुड यांच्या प्रत्येक डोळ्यात असे दोन खळगे असतात. त्यांतला खोल आणि अधिक तीक्ष्ण खळगा समोर नव्हे, तर बाजूला सुमारे ४५ अंशांवर पाहतो. आपण ज्याला टक लावणे म्हणतो, ते ससाणा मान तिरकी करून करतो. गरुडाच्या टक लावण्याची आजोबांची गोष्ट इथेच संपते.

दुसरी गोष्ट भुवईची. गरुडाच्या चेहऱ्याला जो रागीट भाव येतो, तो डोळ्यावर छज्जासारख्या पुढे आलेल्या हाडामुळे. ते उन्हाला आडोसा देते. ससाण्याच्या डोळ्याखालची काळी मिशीही अशीच. बहिरी ससाण्याची जगभरातील छायाचित्रे तपासून २०२१ साली अभ्यासकांनी दाखवले की, जिथे ऊन अधिक तिथे ही मिशी अधिक रुंद आणि गडद असते. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवरचा शाहीन, म्हणजे बहिरी ससाण्याची इथली उपजात, पाहा. त्याचे जवळजवळ सगळे डोकेच काळे आहे.

या आडोशाची किंमत मात्र चुकवावी लागते आणि ती आमच्या तालुक्यात दिसण्याजोगी आहे. पक्ष्यांच्या दृष्टीचे अभ्यासक ग्रॅहम मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली गिधाडांचे दृष्टिक्षेत्र मोजले, तेव्हा त्यांना डोक्याच्या वर आणि खाली मोठे आंधळे पट्टे सापडले. वरच्या पट्ट्यामुळे सूर्य डोळ्यात येत नाही. परंतु खाली मेलेले जनावर शोधताना गिधाड मान झुकवते, तेव्हा तोच आंधळा पट्टा नेमका त्याच्या उडण्याच्या दिशेला येतो. मोकळ्या आभाळात समोर काही आडवे येणार नाही, या भरवशावर ही रचना लाखो वर्षे चालली. पवनचक्कीचे पाते तिच्या हिशेबात नव्हते. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारांवर उभे राहिले की हे वाक्य वेगळ्याच वजनाने ऐकू येते. चाळकेवाडीत भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी आढळले आणि त्यामुळे तिथे सरड्यांची संख्या वाढलेली होती. अर्थात, तो अभ्यास पक्षी त्या जागा टाळतात याविषयीचा आहे, धडकांविषयीचा नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत मी अनेकदा ऐकतो, म्हणून मुद्दाम लिहिले.

पुन्हा प्रश्नकर्ता : यवतेश्वरचा वाटसरू

आपण तिघांनीही इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. एक उपप्रश्न राहिला. खरूची या छोट्या ससाण्याला अतिनील किरण दिसतात आणि शेतातल्या उंदरांच्या मुताच्या खुणा त्यामुळे त्याला वरून चमकताना दिसतात, असे मी वाचले होते. अतिनील किरण डोळ्यात घेणे निळ्यापेक्षाही घातक असणार. मग पक्षी हा धोका का पत्करतो?

प्रतिसाद ४ : नेत्रतंत्रज्ञ, सांगली

ही कल्पना १९९५ साली ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकात आली आणि इतकी आवडली की तिची पुढची दुरुस्ती फारशी कोणी वाचली नाही. २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी घार, ससाणा आणि शिक्रा यांच्या कुळांतील पक्ष्यांची भिंगे प्रत्यक्ष तपासली, तेव्हा ती भिंगे अतिनील किरणांचा बराचसा भाग पडद्यापर्यंत पोहोचूच देत नाहीत, असे आढळले. चिमणीच्या वर्गातील अनेक लहान पक्ष्यांना अतिनील चांगले दिसते. शिकारी पक्ष्यांना ते फारसे दिसत नाही. मुताच्या त्या खुणाही आसपासच्या गवतापेक्षा फारशा वेगळ्या चमकत नाहीत, असे त्यांनी नोंदवले.

धोका पत्करला जात नाही, हे तर झालेच. पण माझ्या मते मुख्य कारण धोका टाळणे हे नसून नजर स्वच्छ ठेवणे हे असावे. निळा-जांभळा प्रकाश भिंगातून अधिक वाकतो आणि लाल-हिरव्याबरोबर एकाच प्रतलावर केंद्रित होत नाही. तो आत घेतला तर प्रतिमेच्या कडा भुरकट होतात. दूरचा उंदीर ओळखायचा असेल तर तो भाग वगळणेच फायद्याचे, आणि त्यातच पडद्याचे रक्षणही साधते. प्रौढ माणसाचे भिंगही अतिनील असेच अडवते. मोतीबिंदू काढल्यावर बसवलेल्या कृत्रिम भिंगात हा गुण मुद्दाम घातलेला असतो. लहान मुलांचे भिंग मात्र अधिक पारदर्शक असते. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास ग्रहण दिसणार आहे. त्या दिवशी एक्स-रेची फिल्म किंवा काजळी धरलेली काच मुलांच्या हाती देऊ नये, ही विनंती आत्ताच करून ठेवते.

प्रतिसाद ५ : पाटणचा पक्षिनिरीक्षक

वाटसरूंसाठी एक सवय सुचवतो. हात पूर्ण लांब करून मूठ आडवी धरली की ती आभाळातले सुमारे दहा अंश झाकते. आपल्या दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र सात-आठ अंशांचे असणार. म्हणून डोळ्यांवर टोपीची सावली घेऊन सूर्याची जागा अंदाजाने हेरावी, आणि घार त्या जागेपासून एका मुठीच्या आत शिरली की दुर्बीण खाली घ्यावी. शक्य असल्यास सूर्य एखाद्या झाडाच्या किंवा घराच्या कोपऱ्याआड जाईल अशी जागा निवडून उभे राहावे. घिरटी पूर्ण करून ती पलीकडच्या बाजूने पुन्हा बाहेर पडतेच. फक्त तेवढा वेळ तिला एकटे सोडावे लागते.