मदत हवी आहे: जिप्सम पार्टिशनवर टीव्ही आणि पुस्तकांचं कपाट टांगायचंय, आतून आधार कसा द्यावा?

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हॉल आणि स्टडीच्या मध्ये जिप्सम पार्टिशनचं काम चालू आहे. ५० मिमीचे जीआय स्टड (जस्ताचा लेप दिलेल्या पत्र्याचे उभे खांब) आहेत, पत्रा अर्धा मिमी, अंतर ६०० मिमी. स्टडीच्या बाजूचे १२.५ मिमीचे बोर्ड लागलेत, हॉलची बाजू उघडी आहे. तिथे ५५ इंची टीव्ही पुढे ओढता येणाऱ्या ब्रॅकेटवर आणि शेजारी पुस्तकांचं सहा फूट लांब, दोन फळ्यांचं कपाट टांगायचंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, डबल बोर्ड मारला की पुरे. खरंच पुरेल का?

ओळंबा:
नाही पुरणार. डबल बोर्डने आवाज अडतो, पृष्ठभाग टणक होतो, पण खेच आली की स्क्रू जिप्समचा भुगा करत बाहेर येतो.

टीव्ही आणि ब्रॅकेट मिळून २५ किलो धरा. ब्रॅकेटचा हात ५० सेमी ओढला आणि वरच्या-खालच्या स्क्रूंमध्ये २५ सेमी अंतर असेल, तर वरच्या स्क्रूंना बाहेर ओढणारा जोर २५ × ५० ÷ २५ म्हणजे ५० किलो. तोच टीव्ही भिंतीपासून ५ सेमीवर असेल तर फक्त ५ किलो. म्हणून टीव्हीच्या वजनाइतकंच ब्रॅकेटच्या हाताकडेही लक्ष द्या.

बाजू उघडी आहे तोवर टीव्हीमागे १८ मिमीचा प्लाय बसवून घ्या. आयएस ७१० शिक्क्याचा (मरीन प्लाय) घ्या, एमडीएफ (भुसा दाबून केलेला बोर्ड) नको. कडांना वाळवीचं औषध लावा. उंची ब्रॅकेटपेक्षा वर-खाली १५ सेमी जास्त ठेवा, म्हणजे टीव्ही थोडा सरकवावा लागला तरी अडणार नाही.

रंधा:
स्टडचा छेद इंग्रजी C सारखा असतो, म्हणून प्लाय बसवताना त्याची उघडी बाजू कुठे आणि पाठ कुठे ते आधी बघा. उघड्या बाजूला प्लाय स्टडच्या पुढच्या पट्टीच्या (जिच्यावर बोर्ड लागतो) मागे सरकतो. पट्टीची आत वळलेली कड आडवी येते, तेवढी खाच प्लायला मारा आणि पुढून चपट्या डोक्याचे स्क्रू पट्टीतून प्लायमध्ये घाला. पाठीच्या बाजूला मागे पट्टी नसते. तिथे स्टडला लाकडी बत्ता (चौकोनी दांडी) मारा, तो स्टडच्या तोंडापासून, म्हणजे बोर्ड लागतो त्या बाजूपासून, १८ मिमी आत असू दे आणि प्लाय त्यावर टेकवा.

प्लायचं तोंड स्टडच्या तोंडाशी लेव्हलला हवंच. पाच मिमी जरी आत राहिला तरी ब्रॅकेट आवळताना बोर्ड आत खेचला जातो, कागद फाटतो, आतला जिप्सम चिरडतो आणि पुट्टीवर गोल भेग उमटते.

ब्रॅकेटला ५ मिमी जाडीचे, ५० मिमी लांबीचे लाकडाचे स्क्रू वापरा, आधी ३ मिमीचं भोक पाडा. काळे ड्रायवॉल स्क्रू फक्त बोर्डसाठी. ते ठिसूळ असतात, वजनाखाली डोकं तुटतं.

ओळंबा:
स्टडचंही बघा. अर्ध्या मिमीचा पत्रा प्लायसकट लवतो. टीव्हीच्या दोन्ही कडांना स्टड जोडीने, एकमेकांत अडकवून घ्या आणि मधलं अंतर ४०० मिमीवर आणा. वर स्लॅबपाशी स्टड १० मिमी आखूड ठेवा. घट्ट ठोकला तर स्लॅब किंचित लवल्यावर सांध्याला तडा जातो.

आता कपाट. पुस्तकांनी भरलेली मीटरभर फळी वीस-पंचवीस किलोची सहज होते. सहा फुटांच्या दोन फळ्या आणि कपाटाचं स्वतःचं वजन धरलं तर १०० किलोच्या घरात जाल. एवढं ओझं या फ्रेमवर टांगू नका. कपाट जमिनीपर्यंत आणा, म्हणजे वजन फरशीवर जाईल. वर एक आडवी प्लायपट्टी बसवून घ्या, कपाट पुढे कलंडू नये म्हणून त्यात स्क्रू मारा.

प्रश्नकर्ता:
कपाट जमिनीवरच घेतो. टीव्हीच्या वायरी प्लायमागून नेल्या तर चालतील?

रंधा:
प्लायच्या मागून नको, बाजूच्या गाळ्यातून (दोन स्टडमधल्या मोकळ्या जागेतून) न्या. ५० मिमी पोकळीतले १८ प्लायने खाल्ले, शिवाय स्क्रूचं टोक मागे १५ मिमी निघतं. वायरी पीव्हीसी पाइपातून घ्या, स्टडच्या भोकात रबरी ग्रोमेट (कडेवर बसणारी रिंग) घाला, पत्र्याची धार इन्सुलेशन कापते. एचडीएमआयसाठी ४० मिमीचा वेगळा पाइप टाका, बारीक पाइपात प्लग अडकू शकतो. बोर्ड मारण्याआधी टेप लावून, जमिनीपासूनची मापं दिसतील असे फोटो काढा. आणि बोर्डची खालची कड फरशीपासून १० मिमी वर ठेवा, नाहीतर पुसायचं पाणी शोषून बोर्ड फुगतो.